धोंडीराम मामांचा गृहपाठ

आमच्या धोंडीराम मामांना लासलगावच्या आसपासच्या गावांत ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि सगळे ओळखतात ते एकाच कामामुळे. कुणी वारलं की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर दशक्रियेला मामा श्रद्धांजलीचं भाषण करतात. आमच्याकडे ही पद्धतच आहे. एका बाजूला पिंड मांडलेले असतात, कावळा कधी शिवतो याची वाट बघणं चाललेलं असतं, आणि दुसऱ्या बाजूला माइकवर एकेक जण बोलत असतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कुणा पुढाऱ्याचा माणूस, आणि सगळ्यात शेवटी मामा. पांढरी टोपी, धुतलेला नेहरू शर्ट, आणि आवाज असा की पार रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बंद करावा. बाकी माणूस अगदी चारचौघांसारखा. कांदा पिकवतात, मार्केटला नेतात, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात.

भाषण मात्र एकच. माणूस कोणीही असो, मामा त्याला मनमिळाऊ करणार, कष्टाळू करणार, धार्मिक वृत्तीचा करणार. मग आवाज खाली आणणार आणि म्हणणार, ‘त्यांच्या जाण्यानं आपल्या गावात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ मी एकदा चिडवलंही होतं, ‘मामा, इतक्या पोकळ्या झाल्यात गावात, माणसं राहतात तरी कुठं?’ मामा हसले नाहीत. भाषणाच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नसे.

मग दत्तूच्या बापाची दशक्रिया झाली. दत्तू मामांच्या शेजारच्या मळ्यातला. त्याचा बाप म्हणजे काय सांगू, बांधावरून सख्ख्या भावाशी उभा दावा होता त्याचा, भाऊ समोरून आला तर हा थुंकून रस्ता बदलायचा. मामा उठले आणि म्हणाले, ‘अत्यंत मनमिळाऊ.’ मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मामा थांबले, घसा खाकरला, पुढं बोलायला लागले, तर मागची दोन पोरं त्यांचं पुढचं वाक्य त्यांच्या आधीच पुटपुटत होती. कार्यक्रम संपल्यावर दत्तू जवळ आला. भांडायला नाही हं, हात जोडून आला. म्हणाला, ‘काका, तुम्ही माझ्या बापाबद्दलच बोलत होता ना?’

हे मला मामांनी स्वतः सांगितलं, माझ्या नाशिकमधल्या सातपूरच्या घरी येऊन, मान खाली घालून. मी घरी शिकवण्या घेते आणि रविवारी गंगापूर रोडला ज्योत्स्ना मॅडमच्या लेखनवर्गाला जाते. मामांना ते माहीत होतं. इतकी वर्षं ‘लिहायला काय शिकायचं असतंय गं’ म्हणून मला हिणवणारे मामा त्या दिवशी म्हणाले, ‘सरिते, तुझ्या त्या क्लासात मला घेतील का? लाज वाटायला लागलीय मला त्या माइकची.’

घेतलं. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो. ज्योत्स्ना मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, चहा फार गरम पिणाऱ्या. त्यांची शिकवायची रीत एकच, अट घालायची. कधी म्हणायच्या, भांडण लिहा, पण कोणी एक शब्द बोलता कामा नये. कधी म्हणायच्या, अख्खी गोष्ट दोन दारांच्या मध्ये घडली पाहिजे. ‘हात बांधले की डोळे उघडतात,’ असं त्यांचं म्हणणं. मामांच्या पहिल्याच रविवारी अट होती: आईवर लिहा, पण प्रेम, माया, त्याग, कष्ट हे शब्द आणायचे नाहीत. मामा कागदाकडे बघत बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मॅडम, मग राहिलं काय?’ वर्ग खो खो हसला. मामांचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं, पुढच्या रविवारी हे येत नाहीत.

पण आले. दर रविवारी आले. पहाटेची एसटी धरून यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, आणि बहुतेक वेळा कोरा कागद द्यायचे. दशक्रियेची बोलावणी आली तर घसा धरलाय म्हणायला लागले. मामीला वाटलं खरंच दुखतोय, ती बिचारी हळद-दूध देत राहिली. एवढा मोठा माणूस घोट घोट दूध पीत लबाडी करतोय हे मला बघवत नव्हतं.

शेवटी मॅडमनी मामांना एकट्याला अट घातली. ‘धोंडीरामजी, तुम्ही श्रद्धांजलीच लिहा. फक्त माणूस जिवंत हवा, रोज तुमच्यासमोर असणारा. तुमचे नेहमीचे सगळे शब्द बंद. मनमिळाऊ नाही, कष्टाळू नाही, प्रेमळ नाही, पोकळी तर अजिबात नाही. मरणाचा एकही शब्द नाही. तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंय तेवढंच. आणि त्या माणसाचा फोटो सोबत लावून वर्गाच्या ग्रुपवर टाका.’

मामांनी माणूस निवडला तो लंकामामी. घरी गेल्यावर त्यांनी आठवडाभर घोळ घातला. मला फोन करून विचारायचे, ‘सरिते, तुझ्या मामीला गोड आवडतं का आंबट?’ मी म्हणायची, ‘मला काय विचारता? तुम्ही नवरा आहात का मी?’ पलीकडून फोन बंद व्हायचा.

थंडीचे दिवस होते, लाल कांद्याचा हंगाम. त्या दिवशी मामांना ट्रॅक्टर घेऊन लिलावाला जायचं होतं. निघायच्या घाईत त्यांनी मामीचा फोटो लावला, लिहिलेलं टाकलं, फोन चार्जिंगला लावला, दाराला कुलूप घातलं आणि गेले. मामी आधीच मळ्यात गेली होती, पार ओढ्याच्या कडेला, गवत कापायला. तिच्याकडे फोन नाही.

मामांनी ते टाकलं वर्गाच्या ग्रुपवर नाही, गावाच्या ग्रुपवर.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, चुकून मेसेज गेला. पण गावाच्या ग्रुपवर मामा आजपर्यंत एकाच प्रकारचा मेसेज टाकत आलेत. वर माणसाचा फोटो, खाली मजकूर. ते दिसलं की कोणी वाचत बसत नाही, आधी हात जोडतात. पुढच्या काही मिनिटांत हार, फुलं, पणत्या, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘काकूंच्या आत्म्यास शांती लाभो’ यांची रांग लागली. मॅडमच्या अटीमुळे मजकुरात मेली असा शब्द नव्हता, पण तो शोधतंय कोण! कोणी फोन लावला तर मामांचा फोन कुलपाच्या आत वाजतोय. झालं, लोकांनी ठरवलं, रात्रीतून नाशिकला दवाखान्यात नेली असणार, तिकडंच गेली बिचारी, आता बॉडी येईल.

मला बंटीचा फोन आला. बंटी मामांचा पुतण्या, माझा मामेभाऊ. रडत होता. ‘ताई, लंका काकू गेली गं.’ शिकवणीची पोरं घरी पाठवली, ललितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिफ्टवरून बोलावून घेतलं आणि मोटारसायकलवर निघालो. रस्ताभर मी रडत होते. लहानपणी प्रत्येक सुट्टीत मामीने माझ्या केसांना तेल लावलंय. निफाडच्या पुढं ललित पेट्रोल भरायला थांबला तेव्हा मी बंटीने पाठवलेला मेसेज उघडला, मामीचा फोटो तरी बघावा म्हणून. आणि खालचं वाचायला लागले.

‘अगं बाई!’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पंपावरचा पोरगा दचकला. ‘अहो, हा गृहपाठ आहे!’

बंटीला फोन केला. ‘अरे मूर्खांनो, मामी मेली नाही. मजकूर वाचा आधी!’ बंटी म्हणाला, ‘ताई, तुला धक्का बसलाय. पाणी पी. सावकाश या.’ आणि ठेवला फोन. मला इतका संताप आला, बंटीचा, मामांचा, मॅडमच्या अटीचा, सगळ्यांचाच.

आम्ही पोचलो तर मामांच्या दारात ही गर्दी. पुरुषमंडळी टोप्या काढून ओट्याखाली बसलेली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि भिंतीला नवे कोरे हिरवे बांबू टेकवून ठेवलेले. तिरडीचे. दत्तू घेऊन आला होता. ‘माझ्या बापाच्या वेळी काका उभे राहिले होते,’ म्हणत होता. मी घसा फोडून सांगायला लागले, पण रडण्याच्या कल्लोळात ऐकणार कोण. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला गवताचा भारा दिसला. भाऱ्याखाली मामी.

दारातली गर्दी बघून मामीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिनं भारा तिथंच टाकला, हातातला विळा टाकला, धावत आली आणि पहिल्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. ‘कोण गेलं गं? कोण गेलं माझ्या घरातलं?’

जिच्या गळ्यात पडली ती बाई किंचाळून मागं सरली. मग एकदम सगळं शांत झालं. कुणाला हसू फुटलं, कुणी मामीचे हात चाचपून बघितले, म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आयुष्य वाढलं गं लंके तुझं. मामी नुसती बघत होती, बांबूंकडे.

आणि अशात मामांचा ट्रॅक्टर आला. रिकामी ट्रॉली, मामा स्वतः चालवत होते. लांबून त्यांनी दारातली माणसं बघितली, टोप्या काढलेल्या बघितल्या, बांबू बघितले. मामी तेव्हा बायकांच्या घोळक्यात होती, त्यांना दिसली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणावर बोललेला हा माणूस ट्रॅक्टरवरून उतरला आणि चाकाला धरून खाली मातीत बसला. दत्तू पाणी घेऊन धावला, ते त्यांना धरताही येईना. शेवटी मामीच गर्दीतून वाट काढत पुढं गेली. ‘अहो, मी हाय,’ ती म्हणाली. ‘मला काय झालं नाय. उठा, लोक बघत्यात.’

उठले मामा. आणि मग त्यांना कळलं की हे सगळं कशानं झालं. मी त्यांना बाजूला ओढून सांगितलं, काही न लपवता, कारण रागात होते. मामांनी चारी बाजूंनी बघितलं. येवल्याहून पाहुणे आलेले, दुकानं बंद करून व्यापारी आलेले, दत्तू बांबू घेऊन. असं तोंड मी कोणाचं पाहिलं नाही. जमीन दुभंगावी आणि आत जावं, असं खरंच वाटत असावं त्या माणसाला.

सुटका केली ती अक्काबाईनं. अक्काबाई गल्लीतली सगळ्यात म्हातारी. काठी आपटून म्हणाली, ‘धोंड्या, कावळ्यांची जोडी लागलेली बघितली का काय तू? आं? आमच्या वेळी तसलं काय दिसलं की सोयऱ्यांना खोटा निरोप धाडायचे मेल्याचा. चार माणसं रडली की दोष जातो.’ कावळ्यांचं मीलन दिसणं अशुभ, ही जुनी समजूत आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. गर्दीतून ‘हां हां, असंच असणार’ असा आवाज आला. मामांना बुडताना फळी मिळाली.

‘हो,’ मामा म्हणाले. ‘मळ्यात दिसली. सकाळी.’

झालं, सगळे मोकळे झाले. लबाडी गोड असली की लोक पटकन गिळतात. कोणी म्हणालं, बरं केलं, कोणी म्हणालं, आजकाल हे कोण पाळतंय, मामांनी पाळलं. दत्तू बांबू उचलून घेऊन गेला. आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून चहा ठेवायला हवा होता. तो ठेवला मामीनं. स्वतःच्या मरणाला आलेल्या माणसांना चहा करत ती चुलीपुढं बसली होती, आणि मामा ओट्यावर बसून ‘घ्या, घ्या’ म्हणत होते. मला मामांची लाज वाटली. मी रागारागानं कप विसळत होते.

माणसं गेली. ललित बाहेर खाटेवर पडला. घरात आम्ही तिघंच.

मामी पदराला हात पुसत म्हणाली, ‘मी सकाळधरनं मळ्यात व्हते. कावळे कुठं दिसले तुम्हाला?’

मामा टोपीची घडी घालायला लागले.

‘मी मरायची वाट बघताय का?’ हे ती रागानं नाही बोलली. खरंच विचारत होती. ‘तसं काय असंल तर सांगा. दुसऱ्याच्या तोंडनं कशाला कळावं मला?’

‘नाय गं,’ मामा म्हणाले. ‘नाय, लंके.’

‘मग काय लिहिलंय माझ्याबद्दल? सगळ्या गावाला धाडलंत, मला तरी कळू द्या. सरिते, वाच.’

‘नको,’ मामा म्हणाले. ‘सरिते, नको वाचू.’

एरवी मी मामांचा शब्द मोडत नाही. पण मामीनं माझ्याकडे बघितलं आणि मी फोन काढला. वाचायला लागले:

‘लंकाबाई माझ्या आधी उठते. किती आधी, ते मला माहीत नाही, मी झोपलेला असतो. कांदे काढताना ती रांगेत सगळ्यांच्या पुढे असते. तिच्या उजव्या टाचेला भेग आहे, तिच्यात ती मेण भरते. मी बाहेरगावाहून उशिरा आलो की ओट्यावरचा दिवा चालू असतो. तिला गोड आवडतं की आंबट, हे लिहायला बसलो आणि अडलो. मग आठवायला लागलो की ती काय खाते. आठवेना. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी तिला जेवताना पाहिलेलं नाही. मी हात धुऊन ओट्यावर जातो, मग ती बसते. मी गावातल्या सगळ्या माणसांवर बोललो. हिच्यावर मला एवढंच लिहिता आलं. याची मला लाज वाटते.’

मामा भिंतीकडे बघत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. एवढा मोठा आवाज असलेला माणूस रडताना अगदी आवाज करत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. त्या लबाडीनं त्यांना गावापासून वाचवलं होतं, मामीपासून वाचवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मामीनं माझ्या हातातला फोन घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाली, ‘हे सगळ्यांनी वाचलं?’

‘कोणी नाही वाचलं, मामी,’ मी म्हणाले. ‘वाचलं असतं तर आले असते का?’

ती किंचित हसल्यासारखी झाली. मग उठली, ताट वाढलं. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. मामांच्या पुढं ठेवलं. ‘जेवा. सकाळधरनं उपाशी असाल.’

मामांनी ताट तिच्याकडे सरकवलं. ‘तू पण बस. आत्ता. माझ्यासमोर.’

‘अहो, काहीतरीच काय.’

‘बस, लंके.’

ती माझ्याकडे बघायला लागली, जणू मी काही मार्ग काढीन. मी दुसरं ताट घेतलं आणि वाढून तिच्या हातात दिलं. ती बसली. पदर नीट केला, भाकरी मोडली, पिठल्याला लावली, घास उचलला आणि तसाच हातात धरून राहिली. मामा बघत होते. अगदी लक्ष देऊन, मॅडमनी सांगितलं होतं तसं. घास काही तोंडाकडे जाईना. तिच्या कपाळावर घाम आला. एवढ्या गर्दीला चहा करताना जी गोंधळली नव्हती, ती नवऱ्यासमोर एका घासाला गोंधळली.

‘अहो,’ शेवटी ती म्हणाली, अगदी हळू. ‘तिकडं तोंड करा ना. तुम्ही बघत असला की घास उतरत नाय मला.’

मामांनी आपलं ताट उचललं, वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग त्यांच्या पाठीमागे मामी जेवायला लागली.